दाताच्या मुळातले पाट

'रूट कॅनाल' हा शब्द आता खेडोपाडी पोचला आहे. 'परवाच रूट कॅनाल करून आलो', 'डॉक्टरांनी रूट कॅनाल करायला सांगितलंय' असं आपण सहज बोलून जातो. पण शब्दांचा सरळ अर्थ पाहिला तर ही काही करायची गोष्ट नव्हे. रूट म्हणजे मूळ आणि कॅनाल म्हणजे कालवा, पाट. मुळातला पाट. तो प्रत्येक दातात असतोच. ज्यांच्या दाताला जन्मात कीड लागली नाही, त्यांच्याही दातात असतो. डॉक्टर करतात ती त्या पाटाची साफसफाई आणि मग त्याची बुजवणी. उपचाराचं पूर्ण नाव रूट कॅनाल ट्रीटमेंट. बोलण्याच्या ओघात त्यातली 'ट्रीटमेंट' गळून पडली आणि जागेचं नावच उपचाराला चिकटलं.

मी कवितेचा माणूस, शिक्षण बी. ए.पर्यंतचं. दातांविषयी बोलायचा माझा अधिकार एवढाच, की एकाच दाढेसाठी मला दोनदा त्या खुर्चीत बसावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी जे दाखवलं, त्यामुळे या विषयाचा नाद लागला. मिळेल ते वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. हा उपचार टिकणार की फसणार, हे बऱ्याच अंशी दाताच्या मुळाच्या घडणीवर आणि ती घडण ओळखण्यावर ठरतं. पेशंटला ती थोडीफार ठाऊक असली, तर तो उपचार अर्ध्यावर सोडून उठत नाही.

आरशात आपल्याला दिसतो तो दाताचा निम्म्याहून कमी भाग. उरलेला दात हिरडीखाली, जबड्याच्या हाडात असतो. ते त्याचं मूळ. वरच्या दिसणाऱ्या भागावर इनॅमलचं कवच असतं. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटिनचा पिवळसर थर. आणि अगदी आत, फळात गर असावा तसा मऊ गर. या गरात बारीक रक्तवाहिन्या आणि नसा असतात. दाताच्या डोक्यात गराची एक छोटी खोली असते आणि तिथून मुळांमध्ये अरुंद पाट उतरतात. मुळाच्या टोकाशी बारीक छिद्र असतं. रक्त येतं ते तिथूनच आणि जातं तेही तिथूनच.

ही रचना लक्षात घेतली की दातदुखीचा सारा मामला उलगडतो. हाताला काटा बोचला तर तिथलं मांस सुजतं, फुगतं. दाताच्या गराला सूज आली तर त्यानं फुगायचं कुठे? चारी बाजूंनी भिंती कठीण. आतला दाब वाढतो आणि नसा ठणकू लागतात. रात्री आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो. म्हणूनच दिवसभर कुरकुरणारी दाढ रात्री आपल्याला उठवून बसवते.

आणखी एक गंमत पाहा. दुखणारा दात नेमका कोणता, हे सुरुवातीला पुष्कळदा सांगता येत नाही. कधी वरचा दुखतो की खालचा, हेही कळत नाही. कारण आतल्या गराच्या नसांना वेदना कळते, पण जागा नीट कळत नाही. जागा कळते ती मुळाच्या बाहेरच्या बाजूला. मूळ हाडात सिमेंटनं बसवल्यासारखं घट्ट बसलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये अगदी बारीक तंतूंचा पडदा असतो आणि दात त्या तंतूंवर झोळीत टांगावा तसा टांगलेला असतो. भाकरीत खडा आला की क्षणात कळतं, ते या तंतूंमुळे. जंतू मुळाच्या टोकातून बाहेर पडून या पडद्यापर्यंत पोचले, की मग माणूस बोट ठेवून सांगतो, 'डॉक्टर, हीच.'

आता मुळांची मोजदाद. पटाशीच्या दातांना आणि सुळ्यांना बहुधा एकेक मूळ असतं. सुळ्याचं मूळ सर्वांत लांब. वरच्या पहिल्या उपदाढेला बहुधा दोन मुळं. खालच्या दाढांना दोन, एक पुढचं आणि एक मागचं. वरच्या दाढांना तीन, त्यांतली दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. तिवईसारखी. अक्कलदाढेचा मात्र काही नेम नाही. 'अक्कल' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि अरबीतही या दाढेला अकलेचीच दाढ म्हणतात. पण मुळांच्या बाबतीत सर्वांत बेशिस्त तीच. कधी तिची मुळं एकमेकांना चिकटलेली, कधी वाकडी, कधी जास्तीची.

एका मुळात एकच पाट असता तर काम सोपं होतं. तसं नसतं. खालच्या पहिल्या दाढेला मुळं दोन, पण पाट बहुधा तीन आणि कधी चार. खालच्या पटाशीच्या दाताला मूळ एकच, पण काही पाहण्यांत दर दहांपैकी चार दातांत दोन पाट सापडले आहेत. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण निम्म्याहून जास्त दाढांमध्ये पाट चार निघतात. चीन आणि कोरियातल्या लोकांच्या खालच्या दुसऱ्या दाढेत पाट सुटे न राहता एकत्र येऊन इंग्रजी 'सी' अक्षरासारखी फट तयार झालेली बरीच आढळते.

हे कुणी आणि कसं शोधलं, तेही ऐकण्यासारखं आहे. झुरिचचे वॉल्टर हेस यांनी काढून टाकलेल्या हजारो दातांच्या पोकळ्यांत रबर भरलं, ते उष्णतेनं कडक केलं आणि मग दात आम्लात विरघळवून टाकले. मागे उरला तो आतल्या पाटांचा हुबेहूब साचा. त्यांचं काम १९१७ मध्ये जर्मनमध्ये आणि १९२५ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपानं आलं. त्यातली चित्रं पाहून डॉक्टर चक्रावले असतील. सरळ नळ्या समजत होते, तिथे झाडाच्या मुळ्यांसारखं जाळं निघालं. पुढे अमेरिकेतल्या फ्रँक व्हर्टुची यांनी २४०० दात रसायनांनी पारदर्शक केले, आतल्या पाटांत रंग भरला आणि १९८४ मध्ये पाटांच्या मांडणीचे आठ प्रकार सांगितले. एक पाट निघून पुढे दोन होतो, दोन निघून शेवटी एक होतात, एकाचे दोन होऊन पुन्हा एक होतात, असे. दंतवैद्यकीचे विद्यार्थी हे आठ प्रकार आजही शिकतात.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. माझ्या वरच्या पहिल्या दाढेची ट्रीटमेंट झाली होती. दुखणं थांबलं, कॅप बसली. दोनेक वर्षांनी त्या दाढेवरच्या हिरडीवर पुळी उठू लागली. दुखायची नाही. फुटायची, बसायची, पुन्हा यायची. दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि कॅप काढून मायक्रोस्कोपखाली दाढ तपासली. मग म्हणाले, "तीन पाट भरलेले आहेत. चौथा राहिलाय." गालाकडच्या पुढच्या मुळात पहिल्या पाटाच्या आत, टाळूच्या बाजूला हा चौथा पाट असतो. त्याचं तोंड सुईच्या अग्राएवढं, आणि त्यावर बरेचदा डेंटिनचा पदर आलेला असतो. त्या एका न सापडलेल्या पाटात जंतू दोन वर्षं सुखानं नांदत होते. तो साफ करून भरला आणि पुळी पुन्हा आली नाही.

तुमच्याही हिरडीवर अशी न दुखणारी पुळी वारंवार येत असेल, तर तिला उष्णता म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा तो मुळाशी साचलेल्या पुवाचा बाहेर पडायचा रस्ता असतो. वाट मिळाल्यामुळे दाब होत नाही, म्हणून ती दुखत नाही.

दुखणं थांबणं आणि आजार बरा होणं यांत फार मोठं अंतर आहे. गर पूर्ण मेला की त्यातल्या नसाही मरतात आणि ठणका आपोआप थांबतो. माणूस म्हणतो, बरं झालं, पैसे वाचले. आत मात्र मेलेला गर सडतो आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून खाणाऱ्यांनीही रचना आठवावी. गोळीतलं औषध रक्तातून पोचतं आणि मेलेल्या गरात रक्तच फिरत नाही. बाहेरची सूज गोळ्यांनी उतरेल, पण पाटातल्या जंतूंपर्यंत औषध पोचत नाही. तिथे हातानंच जावं लागतं.

जंतूंचा वाटा किती, हे १९६५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगानं स्पष्ट केलं. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून गर उघडा केला. साध्या उंदरांमध्ये गर मेला, मुळाशी पू झाला. पण जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये गर जगला. दाढेच्या छिद्रात अन्न भरून राहिलं, तरीही आतून नवं डेंटिन तयार होऊन जखम झाकली गेली. आजार येतो तो जंतूंमुळे. बाजारात 'दाढेतला किडा' काढून हातावर ठेवणाऱ्यांनी किती पिढ्यांना फसवलं असेल! असा किडा नसतोच.

आता पाट साफ करायचा, म्हणजे नेमकं काय? आपल्याकडच्या कालव्यांचं उदाहरण घेतो. मुख्य कालवा, त्याची चारी, तिची पोटचारी. पाण्याची खरी परीक्षा होते ती 'टेल'ला, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याच्या शेतात. दाताचंही तसंच आहे. शेवटच्या तीनेक मिलिमीटरमध्ये पाटाला सर्वांत जास्त फाटे फुटतात. मोठा पाट एकच दिसला, तरी टोकाशी नदी समुद्राला मिळताना व्हावा तसा त्रिभुज प्रदेश झालेला असतो. त्यातून पाटाचं तोंड नेहमी मुळाच्या अगदी टोकावर उघडत नाही. थोडं बाजूलाही उघडतं.

दाताची एकूण लांबी बहुधा २० ते २५ मिलिमीटर. त्यात एक मिलिमीटर अलीकडे थांबलं तर जंतू मागे उरतात. पलीकडे गेलं तर हाडाला इजा होते. वरच्या दाढांच्या मुळांची टोकं गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, म्हणजे सायनसच्या, अगदी जवळ असतात. म्हणूनच सर्दीनं सायनस भरला की चांगल्या दाढाही दुखतात. खालच्या दाढांच्या मुळांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तेव्हा लांबी मोजायलाच हवी. रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये लागला आणि १८९६ च्या जानेवारीतच जर्मनीत ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी ते २५ मिनिटं किरणांसमोर पडून होते. आज तेच काम क्षणार्धात होतं. पण एक्स-रे म्हणजे सावली. दोन मुळं एकामागे एक असली की सावली एकच पडते. म्हणून डॉक्टर कोन बदलून पुन्हा एक्स-रे काढतात. त्यांना एक्स-रेची हौस असते म्हणून नव्हे. जिथे गुंता जास्त, तिथे सर्व बाजूंनी दाखवणारं थ्री-डी स्कॅनही आता काढता येतं.

शिवाय लांबी मोजणारं एक यंत्र आहे. पाटात बारीक फाइल, ओठाला दुसरी तार, आणि फाइलचं टोक मुळाच्या टोकाशी पोचलं की यंत्र आवाज देतं. जपानमधल्या सुझुकी यांनी १९४२ मध्ये आणि सुनाडा यांनी १९६२ मध्ये केलेल्या कामावर ते उभं आहे. मुळाभोवतीचा तंतूंचा पडदा आणि तोंडाची आतली त्वचा यांच्यामधला विजेचा रोध, दात कोणताही असो, जवळपास सारखाच भरतो, हे त्यांनी दाखवलं.

या फाइली म्हणजे बारीक कानशीच. १० नंबरच्या फाइलचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकं. पूर्वी त्या स्टीलच्याच असत. पाट वाकडा आणि स्टील ताठ. म्हणून जाड फाइल वळणावर पाट सोडून सरळ घुसायची भीती. १९८८ मध्ये निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या फाइली पुढे आल्या. त्या वळणानं वळतात. तरीही पाट गोल नसतो, चपटा असतो, फाटे फुटलेला असतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूक्ष्म सीटी स्कॅननं पाहिलं, तेव्हा पाटाच्या भिंतींचा निदान एक तृतीयांश भाग फाइलींचा स्पर्शच न होता राहिलेला दिसला.

मग तिथली सफाई कोण करतं? पाणी. सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, म्हणजे घरच्या ब्लीचमधलंच रसायन. ते जंतू मारतं आणि मेलेल्या गराचे अवशेष विरघळवतं. फाइल जिथे जाऊ शकत नाही, तिथे ते शिरतं. म्हणून पुन्हा पुन्हा पाट धुतात. हे द्रावण घशात जाऊ नये आणि तोंडातली लाळ पाटात जाऊ नये, म्हणून दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. ही युक्ती न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांची, १८६४ सालची. तो पडदा लावल्यावर तोंड अवघडतं खरं, पण तो लावणाऱ्या डॉक्टरांवर चिडू नका.

जंतू जास्त असले, पू असला, तर पाटात औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट भरतात आणि पुढची तारीख देतात. घोळ होतो तो इथेच. दुखणं थांबलेलं असतं. मग कुणाचे रोजे येतात, कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाची सुगी येते. तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळ आत झिरपते आणि साफ केलेला पाट पुन्हा जंतूंनी भरतो. सुरुवात करून सोडलेला दात असा हातचा जातो.

साफ झालेला पाट बुजवतात तो गटापर्च्यानं. हा मलाया आणि आसपासच्या बेटांवरच्या झाडांचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवर याचंच वेष्टण असे, आणि १८६७ पासून तो दातात भरतात. आजच्या बारीक कांड्यांत गटापर्चा सुमारे २० टक्के असतो आणि मोठा भाग झिंक ऑक्साइडचा. ही झाडं आपल्या चिकूच्या आणि मोहाच्या कुळातली. चिकू तोडताना बोटांना लागणारा चीक आठवा, म्हणजे हा नातेवाईक ओळखीचा वाटेल.

कुणी विचारतं, नस काढली, गर काढला, मग दात मेलाच की. तो ठेवून काय उपयोग? उत्तर पुन्हा मुळाशीच आहे. दात आतून रिकामा झाला तरी मुळाच्या बाहेरचा तंतूंचा पडदा जिवंत असतो. त्याला रक्त हाडातून मिळतं, दाताच्या आतून नाही. त्यामुळे दात जागेवर घट्ट राहतो, चावण्याचा जोर सोसतो, खडा आला तर सांगतो. मुळाभोवती झिजलेलं हाडही जंतू गेल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षभराहून जास्त काळानं, भरून येतं. मात्र कीड आणि वरचं छिद्र यांमुळे दाढ पोकळ झालेली असते. कॅप बसवायला टाळाटाळ केली तर ती एखाद्या दिवशी सुपारीबरोबर फुटते.

माझी नानी म्हणायची, 'वरची दाढ काढू नको, नजर जाईल.' शेजारच्या आळीतल्या आजीही हेच सांगायच्या. ही समजूत सर्व धर्मांत सारखी! दातांची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्यानं नजर जात नाही. पण दाढ वाचत असेल तर ती काढू नये, हा नानीचा सल्ला तेवढा खरा.

घरात लहान मुलं असतील तर एक लक्षात ठेवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, म्हणून आईबाप तिला दुधाची समजतात आणि किडली तरी 'पडणारच आहे' म्हणतात. ती कायमची दाढ असते. तिची मुळं पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात. तोवर मुळांची टोकं रुंद उघडी असतात आणि ती पूर्ण होण्यासाठी आतला गर जिवंत लागतो. म्हणून त्या वयात डॉक्टर होता होईल तो गर वाचवायला बघतात. त्यासाठी मूल वेळेवर त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

आणि तुम्हाला स्वतःला त्या खुर्चीत बसायची वेळ आली, तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा. माझ्या दातात पाट किती सापडले? भरण टोकापर्यंत पोचलंय का, ते एक्स-रेवर दाखवाल का? कॅप कधी बसवायची आणि पुढचा एक्स-रे कधी काढायचा? चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट स्क्रीन आपल्याकडे वळवतात. तो एक्स-रे मागून घ्या आणि घरी सात-बाराचा उतारा जपतो तसा फाइलला लावून ठेवा. पुढे कधी ती दाढ कुरकुरली, तर दुसऱ्या डॉक्टरांना कोणता पाट भरलाय आणि कोणता शोधायचाय, हे त्यावरून कळेल.